मांडीमागचा गडी

आपण खुर्चीत बसतो तेव्हा बैठकीच्या ज्या हाडावर सगळा भार येतो, तिथून त्याचा मुक्काम सुरू होतो. तिथून तो मांडीच्या पाठीमागून खाली उतरतो, गुडघा ओलांडतो आणि नडगीच्या हाडांना वरच्या टोकाशी दोन्ही बाजूंनी धरून ठेवतो. खरं तर ते तिघे भाऊ आहेत. वैद्यकाच्या पुस्तकात तिघांना लांबलचक लॅटिन नावं आहेत. मैदानावर मात्र तिघांना मिळून एकच नाव, हॅमस्ट्रिंग. दोघे आतल्या अंगाला राहतात, तिसरा बाहेरच्या. जिवाच्या आकांतानं पळताना बहुतेक वेळा फाटतो तो हा बाहेरचा, बायसेप्स फेमोरिस.

फुटबॉलमध्ये कौतुक होतं ते मांडीच्या पुढच्या बाजूचं. चेंडूवर लाथ बसते ती पुढच्या स्नायूच्या जोरावर आणि पोस्टरवर चमकते तीही तीच बाजू. मागच्या गड्याच्या वाट्याला आलेलं काम आवरण्याचं आहे. पळताना पाय पुढे झेपावतो, गुडघा सरळ होत जातो आणि पाऊल जमिनीला टेकण्याच्या जरा आधी नडगी पुढे भिरकावली जाणार असते. त्या निमिषात हा तिला मागून धरतो. स्वतः लांब ताणला जात असतो आणि ताणला जात असतानाच सगळा जोर लावत असतो. भरलेला ट्रक घाटातून खाली आणणाऱ्या ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर असतो, तशी त्याची गत. पाऊल टेकलं की लगेच त्याची दुसरी पाळी सुरू होते, शरीराला पुढे रेटण्याची. आवरायचंही त्यानंच आणि रेटायचंही त्यानंच, या दोन्हींमध्ये सेकंदाचा एक छोटासा तुकडा. कंबर आणि गुडघा अशा दोन सांध्यांची चाकरी एकट्यानं करणारा हा गडी आहे, आणि मला त्याच्याबद्दल मनापासून आदर आहे.

त्याची तक्रार कशी ओळखायची हे जगभरातल्या प्रेक्षकांना न शिकवता कळतं. पोटरीत गोळा आला तर खेळाडू खाली बसतो, कुणीतरी पाय धरून ताणतो, दोन मिनिटांत तो पुन्हा उभा. घोटा मुरगळला तर गवतावर लोळतो, ओरडतो. हॅमस्ट्रिंगचं तसं नाही. पूर्ण वेगात धावणारा माणूस अचानक दोन पावलं आखूड टाकतो, एक पाय उचलूनच धरतो आणि त्याचा हात आपोआप मांडीच्या मागे जातो. बस, एवढंच. पंचाची शिट्टी वाजायच्या आत साठ हजारांच्या स्टेडियमला कळलेलं असतं. गोल खाल्ल्यावर शिव्या येतात, या हाताच्या हालचालीनंतर नुसता सुस्कारा येतो, आणि त्यामागून प्रश्न. अरे, ही पोरं फिट आहेत की नाहीत?

हा प्रश्न २०२४-२५च्या हिवाळ्यात उत्तर लंडनमध्ये जितका विचारला गेला, तितका क्वचितच कुठे विचारला गेला असेल. टॉटनहॅम हॉटस्पर, म्हणजे आमचा स्पर्स. इकडे मुंबई-पुण्यात, नाशिक-कोल्हापुरात रात्री जागून प्रीमियर लीग बघणाऱ्यांमध्ये स्पर्सवाले थोडे आहेत, पण जे आहेत ते चिवट आहेत. सतरा वर्षं करंडक नव्हता, तरी त्यांनी संघ सोडला नाही. त्या मोसमात स्पर्सनं लीगच्या ३८ सामन्यांपैकी २२ गमावले, ३८ गुण मिळवले आणि वीस संघांत सतरावा क्रमांक गाठला. त्याखालचे तिघे खालच्या लीगमध्ये घसरले.

८ डिसेंबर २०२४चा रविवार. समोर चेल्सी, सामना घरच्या मैदानावर, आपल्याकडे रात्रीचे दहा. रोमेरो आणि मिकी व्हॅन डी व्हेन ही बचावफळीतली जोडी दुखापतींतून परत आलेली. अकराव्या मिनिटाला स्पर्स २-०नं पुढे. त्यानंतर थोड्याच वेळात रोमेरो मांडी धरून बाहेर. उत्तरार्धात व्हॅन डी व्हेनचा हात मांडीच्या मागे गेला. शेवटी चेल्सी ४, स्पर्स ३. त्या रात्री जो राग उसळला तो हरण्याचा कमी आणि या दोन हातांचा जास्त होता. ज्यांना डॉक्टरकीचा गंध नाही अशा लोकांनीही हेच म्हटलं की यांना घाईनं आणलं. त्या हिवाळ्यातल्या दुखापतींची यादी वाचली तर अजूनही जीव खालीवर होतो. ओडोबेर, हॅमस्ट्रिंग, शस्त्रक्रिया. रिचार्लिसन, हॅमस्ट्रिंग. बेन डेव्हिस, हॅमस्ट्रिंग. उडोजी, हॅमस्ट्रिंग. गोलरक्षक व्हिकारियो घोट्यामुळे बाहेर. मधल्या फळीसाठी घेतलेला आर्ची ग्रे, वय अठरा, आठवड्यामागून आठवडे बचावाच्या मध्यभागी उभा राहिला आणि त्या पोरानं तक्रार केली नाही.

प्रेक्षक काय म्हणत होते? सत्तर मिनिटांनंतर यांचा दम जातो. पाय गळतात. सराव चुकतोय. सराव फार होतोय. सरावच होत नाही. वैद्यकीय पथक बदला, प्रशिक्षक बदला, मालक बदला. एकमेकांना छेद देणारी ही वाक्यं एकाच माणसाच्या तोंडून एकाच सामन्यात ऐकू येत. त्यांना अडाणी ठरवायला मी तयार नाही. प्रेक्षकाजवळ एमआरआय नसतो, खेळाडूंच्या पाठीवर जीपीएसचं यंत्र बसवलेली जी काळी बंडी असते तिचे आकडे नसतात. त्याच्याजवळ फक्त डोळे असतात, आणि वर्षानुवर्षं तेच अकरा जण बघून ते डोळे तयार झालेले असतात. खेळाडू चेंडू गेल्यावर परत फिरायला अर्धा क्षण जास्त घेतोय, कोपऱ्यावर गुडघ्यांवर हात ठेवून उभा राहतोय, हे त्याला दिसतं. दिसतं ते खरं असतं. त्यावरून तो जो दोष काढतो, तिथे मात्र घोळ होतो.

एक उदाहरण त्याच मोसमातलं. ६ ऑक्टोबरला ब्रायटनमध्ये मध्यंतराला स्पर्स २-०नं पुढे होते आणि ३-२नं हरले. तेव्हाही फिटनेसच्या नावानं शंख झाला. पण ते तिन्ही गोल मध्यंतरानंतरच्या वीसेक मिनिटांत झाले होते. पंधरा मिनिटं बसून, पाणी पिऊन आलेला माणूस वीस मिनिटांत थकत नाही. तिथे मन आणि मांडणी ढासळली होती, मांडी नव्हे. मांडीमागच्या गड्याला तेव्हाही दोष मिळाला, त्याचा त्यात काही संबंध नसताना.

त्याचा स्वभाव नीट समजून घेतला तर बऱ्याच गोष्टी उलगडतात. पहिली गोष्ट अशी की तो अंतराला घाबरत नाही. नव्वद मिनिटांत दहा-अकरा किलोमीटर चालणं, दुडकणं, पळणं त्याला चालतं. त्याला जड जातो तो वेग, आणि तोही अचानक मागितलेला वेग. प्रीमियर लीगचा २००६-०७ ते २०१२-१३ या काळाचा एक मोठा अभ्यास आहे. त्यात खेळाडूंनी सामन्यात कापलेलं एकूण अंतर सातएक वर्षांत जेमतेम दोन टक्क्यांनी वाढलं होतं. पण पूर्ण वेगानं धावलेलं अंतर सुमारे ३५ टक्क्यांनी वाढलं होतं. ‘आजकालची पोरं पळत नाहीत’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला हा आकडा सांगावासा वाटतो. पोरं पूर्वीइतकीच पळतात, आणि त्या पळण्यातली जीव तोडून मारलेली धाव मात्र पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त असते. तिचा सगळा हिशेब मागच्या बाजूला मांडला जातो. युरोपातल्या बड्या क्लबांच्या दुखापतींची नोंद यान एकस्ट्रँड हे स्वीडिश डॉक्टर आणि त्यांचे सहकारी २००१पासून ठेवत आले आहेत. सुरुवातीला एकूण दुखापतींमध्ये हॅमस्ट्रिंगचा वाटा १२ टक्के होता, २०२१-२२पर्यंत तो २४ टक्के झाला. या वीस वर्षांत क्लबांनी आहारतज्ज्ञ आणले, बर्फाच्या टाक्या आणल्या, झोप मोजणारी यंत्रं आणली. आणि या गड्याच्या दुखण्यांचा वाटा दुप्पट झाला.

दुसरी गोष्ट, तो थकल्यावर खोटं बोलत नाही. इंग्लंडच्याच एका जुन्या पाहणीत सामन्यातल्या हॅमस्ट्रिंगच्या दुखापतींपैकी जवळपास निम्म्या दोन्ही अर्धांच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत झालेल्या आढळल्या. म्हणजे सत्तरीनंतरचं भय प्रेक्षकांनी मनातून काढलेलं नाही, ते मांसात लिहिलेलं आहे. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. तो विसरत नाही. एकदा फाटून भरून आला तरी त्या जागी जी गाठ राहते ती मूळच्या धाग्यासारखी ताणली जात नाही, आणि दुखावलेल्या माणसाचं शरीर नकळत त्याच्यावर कमी भरवसा टाकू लागतं. एकस्ट्रँड यांच्या नोंदींत हॅमस्ट्रिंगच्या सुमारे १८ टक्के दुखापती उलटून आलेल्या होत्या, आणि त्यांतल्या बहुतेक खेळाडू परतल्यावर दोन महिन्यांच्या आत.

मायकल ओवेनची गोष्ट आठवा. १२ एप्रिल १९९९, लीड्सचं मैदान, लिव्हरपूलचा एकोणीस वर्षांचा पोरगा नेहमीसारखा बचावपटूंच्या मागे पळाला आणि थांबला. आदल्या वर्षीच्या विश्वचषकात अर्जेंटिनाच्या बचावातून ज्यानं वाट काढली होती, तो हाच. पुढे २००१ साली त्याला युरोपातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून बालोन द’ओर मिळाला, तरी लीड्सच्या त्या सामन्यानंतर आपण पूर्वीसारखे कधी पळालो नाही असं त्यानं स्वतः अनेकदा सांगितलं आहे. एकोणिसाव्या वर्षी.

घाई किती टोकाला जाते हे बघायचं तर डिएगो कोस्टा बघावा. १७ मे २०१४ला बार्सिलोनात त्याची हॅमस्ट्रिंग गेली. त्याच दिवशी त्याचा संघ अॅटलेटिको माद्रिद स्पेनचा विजेता झाला आणि सातच दिवसांनी लिस्बनला चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना होता. त्याला बेलग्रेडला एका उपचारकर्त्या बाईंकडे नेलं, घोडीच्या वारेपासून केलेल्या औषधाचं मर्दन झालं आणि २४ तारखेला तो अकरांत उतरला. नवव्या मिनिटाला बाहेर आला. त्यामुळे एक बदली खेळाडू सामना सुरू होताच खर्ची पडला. रात्र जादा वेळेत गेली तेव्हा अॅटलेटिकोच्या पायांत काही उरलं नव्हतं आणि रिआल माद्रिदनं ४-१नं करंडक नेला. या गड्याला कुणी लालूच दाखवून, धाक घालून, मंत्र टाकून उठवू शकत नाही. तो त्याच्या वेळेनं उठतो.

स्पर्सचाच अनुभव याच्या नेमका उलट वाटावा असाही आहे. सप्टेंबर २०२०मध्ये सोन ह्युंग-मिन हॅमस्ट्रिंगमुळे बाहेर गेला. मोरिन्हो तेव्हा प्रशिक्षक. लांबणार असं वाटत होतं. आठवड्याभरात सोन ओल्ड ट्रॅफर्डवर उतरला, दोन गोल केले आणि स्पर्सनं मँचेस्टर युनायटेडला ६-१नं धुतलं. दुखापत किती खोल होती हे बाहेरून कुणालाच कळत नाही, एवढंच त्यातून खरं. त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी साउथॅम्प्टनला हॅरी केनचीही हॅमस्ट्रिंग गेली होती, आणि त्याला थेट शस्त्रक्रियेच्या टेबलावर जावं लागलं.

आता एक चित्र सोलचं. जुलै २०२२. अंतोनियो कॉन्टे स्पर्सचा प्रशिक्षक, आणि त्याच्या हाताखाली जान पिएरो व्हेंत्रोने हा इटालियन, ज्याला सगळे ‘मरीन’ म्हणत. दक्षिण कोरियाच्या उकाड्यात, लोकांसमोर, लांबलेल्या सरावानंतर त्यानं खेळाडूंना मैदानाच्या लांबीच्या ४२ धावा मारायला लावल्या. केन मैदानाच्या कडेला ओकला. सोन, आपल्याच देशाच्या लोकांसमोर, गवतावर कोसळला. ते फोटो बघून आम्ही स्पर्सवाले खूश झालो होतो. आता संघ फिट होणार! हाच तो दम जो आमच्याकडे नव्हता! व्हेंत्रोने हा काही क्रूर माणूस नव्हता. खेळाडूंचा त्याच्यावर फार जीव होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो ल्युकेमियानं गेला तेव्हा सोनचा चेहरा ज्यांनी पाहिला त्यांना ते सांगायला नको. पण प्रेक्षक म्हणून आपण फिटनेस कशाला म्हणतो हे त्या फोटोंनी उघडं केलं. आपल्याला फिटनेस म्हणजे सोसणं वाटतं. माणूस ओकेपर्यंत पळाला की आपला विश्वास बसतो. ४२ धावांनी फुप्फुसं तयार होतात, हृदय तयार होतं, आणि मनही. मांडीमागच्या गड्याला हवं असतं ते वेगळं. दर आठवड्याला थोडी, मोजून, अगदी पूर्ण वेगाच्या जवळ जाणारी धाव, आणि त्यानंतर पुरेशी विश्रांती. यातलं काहीच फोटोत दिसत नाही.

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर हे फार जवळून बघायला मिळतं. तिथे पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार अशा तालमींच्या नावांनी संघ उतरतात आणि पेठच्या पेठ गॅलरीत येऊन बसते. तालमीची परंपरा असल्यामुळे तिथल्या प्रेक्षकाची नजर आधी अंगाकडे जाते, मग खेळाकडे. खेळाडू उत्तरार्धात रेंगाळला की ‘दम न्हाई’ हा निकाल लगेच लागतो. तालमीच्या मातीत बैठकांनी पाय घडतात हे खरं, आणि मला त्या घडवण्याचा अभिमान आहे. पण बैठकांचा मोठा वाटा मांडीच्या पुढच्या बाजूला जातो. नोकरीधंदा सांभाळून खेळणारा पोरगा संध्याकाळी बूट बांधून टणक मैदानावर एकदम सुसाट सुटतो तेव्हा मागचा गडी तयार असतोच असं नाही. तिथे त्याची चौकशी करायला कुणी पगारी फिजिओ उभा नसतो. गॅलरीतला माणूसच काय तो त्याची दखल घेतो.

पगारी फिजिओंची फौज असलेल्या क्लबांत त्याची दखल घेतली जाते का? त्याच्यासाठी एक साधा व्यायाम आहे, नॉर्डिक म्हणतात. गुडघ्यांवर बसायचं, दुसऱ्यानं घोटे धरायचे, आणि कंबर न वाकवता हळूहळू पुढे झुकत जायचं. जितकं सावकाश तितकं बरं. म्हणजे ताणलं जात असताना जोर लावायचा, नेमकं त्याचं रोजचं काम. यंत्र नको, पैसा नको. हा व्यायाम नेमानं केला तर हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्यानं कमी होतात हे बऱ्याच अभ्यासांनी दाखवलं आहे, आणि त्यांत डेन्मार्कमधल्या पन्नास संघांवर केलेला एक मोठा प्रयोगही आहे. तरीही चॅम्पियन्स लीग आणि नॉर्वेच्या लीगमधल्या क्लबांना विचारलं तेव्हा दहातले आठ क्लब तो ठरल्याप्रमाणे करत नव्हते. एक अडचण खरी आहे. सुरुवातीला दोन दिवस मांडी भरून येते, आणि तीन दिवसांनी सामना असेल तर ते दुखणं कोण पत्करणार? इथे वेळापत्रक मधे येतं. २०२४-२५च्या मोसमात स्पर्स सगळे मिळून ६० सामने खेळले. जानेवारीत पाचव्या पायरीवरच्या टॅमवर्थशी, प्लॅस्टिकच्या गवतावर, एफए कपचा सामना जादा वेळेपर्यंत गेला. ज्या संघात सराव करायला मुश्किलीनं माणसं उरली होती, त्या संघाला तिथे आणखी तीस मिनिटं पळावं लागलं.

आणि अँजी पोस्टेकोग्लूचा खेळ. ग्रीसमध्ये जन्मलेला, मेलबर्नमध्ये वाढलेला हा प्रशिक्षक मला आवडत असे, आजही आवडतो. त्याचं म्हणणं सोपं होतं, पुढे जायचं. बचावफळी जवळजवळ मध्यरेषेवर उभी, सगळा संघ समोरच्याच्या अंगावर. पण मागे चाळीस-पन्नास मीटरचं रान मोकळं ठेवायचं तर ते राखायला कुणीतरी वाऱ्यासारखा पळणारा हवा. व्हॅन डी व्हेन तो होता. पहिल्या मोसमात दहा सामन्यांत २६ गुण घेऊन संघ वरती होता. मग ६ नोव्हेंबर २०२३ला चेल्सी आली, स्पर्सचे दोघे लाल कार्डांवर बाहेर गेले, आणि व्हॅन डी व्हेनची हॅमस्ट्रिंग गेली. उरलेल्या नऊ जणांनी तरी रेषा मध्यावर ठेवली. ४-१नं हरल्यावर लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते. व्हॅन डी व्हेन परत आला, आणि ३१ जानेवारी २०२४ला ब्रेंटफर्डविरुद्ध त्याची धाव ताशी ३७.३८ किलोमीटरची नोंदली गेली. प्रीमियर लीगमध्ये तोवर मोजलेली ती सर्वांत वेगवान धाव. फाटून सांधलेल्या स्नायूवर! पुढच्या ऑक्टोबरच्या अखेरीस मँचेस्टर सिटीविरुद्ध तो पुन्हा गेला. डिसेंबरात चेल्सीविरुद्ध तिसऱ्यांदा.

म्हणून ‘संघ अनफिट आहे’ हे वाक्य मला पटत नाही. लीगमधला सर्वांत वेगवान बचावपटू अनफिट कसा? त्याच्या अंगातली ताकद कमी पडली नव्हती. ती दर तीन दिवसांनी, पन्नास मीटर मागे पळत, पुन्हा पुन्हा मागितली गेली, आणि एका संध्याकाळी मांडीमागच्या गड्यानं नाही म्हटलं. प्रेक्षकांचा प्रश्न बरोबर आहे, तो खेळाडूला विचारला जातो एवढीच त्यातली चूक. तो विचारायचा ज्यांनी साठ सामने ठरवले त्यांना, ज्यांनी पातळ चमू घेऊन मोसम सुरू केला त्यांना, ज्यांनी परतण्याची तारीख डॉक्टरच्या नाही तर पुढच्या सामन्याच्या सोयीनं ठरवली त्यांना. प्रेक्षकानं प्रश्न विचारणं थांबवू नये असं मला कळकळीनं वाटतं, कारण या शरीरांच्या बाजूनं चारचौघांत बोलणारा त्याच्याशिवाय दुसरा कुणी नाही. खेळाडू बोलला तर जागा जाते. डॉक्टर बोलला तर नोकरी जाते.

२१ मे २०२५, बिल्बाओ. युरोपा लीगचा अंतिम सामना, समोर मँचेस्टर युनायटेड, तोही त्या वर्षी लीगमध्ये जवळजवळ तितकाच तळाला. स्पर्सचे मॅडिसन, कुलुसेव्हस्की, बर्गव्हाल तिघेही दुखापतींमुळे नाहीत. ब्रेनन जॉन्सनच्या ४२व्या मिनिटाच्या गोलानं १-० आणि मग नुसता बचाव. ६८व्या मिनिटाला व्हिकारियो चेंडूसाठी पुढे आला, चुकला, युनायटेडच्या होयलुंडनं डोक्यानं चेंडू मोकळ्या गोलाकडे ढकलला. व्हॅन डी व्हेन मागे पळत आला, हवेत झेपावला, पाय वर उचलला आणि रेषेवरून तो चेंडू बाहेर काढला. त्या फोटोत कंबरेतून वर गेलेला पाय बघा. कंबर वाकलेली, पाय समोर उंच फेकलेला. हॅमस्ट्रिंग दोन्ही टोकांनी ओढली जाते ती याच अवस्थेत. तीनदा दगा दिल्याचा आरोप ज्याच्यावर होता तो गडी त्या क्षणी जेवढं लांबायला हवं होतं तेवढा लांबला. सतरा वर्षांनी करंडक आला. सोळा दिवसांनी पोस्टेकोग्लूला काढून टाकलं.

ऑगस्टमध्ये नवा प्रशिक्षक थॉमस फ्रँक, उडिनेत सुपर कप, समोर पॅरिस सेंट-जर्मेन. व्हॅन डी व्हेन आणि रोमेरो या दोघांच्याच गोलांनी स्पर्स २-०नं पुढे. पॅरिसवाले क्लब विश्वचषकामुळे सुट्टी संपवून नुकतेच आलेले, त्यांचा सराव आठवडाभराचाही नाही. तरी ८५व्या मिनिटाला एक, भरपाईच्या वेळेत दुसरा, आणि पेनल्टीवर पॅरिस. पुन्हा तेच विचारलं गेलं. पंच्याऐंशीनंतर यांना होतं काय?

४ नोव्हेंबर २०२५, मंगळवारची रात्र, चॅम्पियन्स लीगमध्ये कोपनहेगन. व्हॅन डी व्हेननं आपल्याच पेनल्टी क्षेत्राजवळ चेंडू घेतला आणि पळत सुटला. एक मागे पडला, दोन पडले, मध्यरेषा गेली, सगळं स्टेडियम उभं, समोरचं क्षेत्र आलं आणि त्यानं गोल केला. जवळजवळ अख्खं मैदान, पायाशी चेंडू घेऊन, पूर्ण वेगात. स्पर्स ४-०. पुढचा सामना मँचेस्टर युनायटेडशी होता, शनिवारी, तिकडच्या दुपारी साडेबाराला.